साथ गेली, हिशेब राहिला : साथीचे रोग आणि विदर्भातल्या गावांचं अर्थकारण (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दारव्हा-दिग्रसच्या पट्ट्यात मी एकतीस वर्षं सेवा सहकारी सोसायटीचा गटसचिव होतो. पीककर्जाचे कागद, थकबाकीच्या याद्या, मार्च आला की नवं-जुनं (जुनं कर्ज भरून लगेच नवं काढणं) करायची धावपळ, यातच हयात गेली. निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला, आणि लोकांना मला विचारायला. हे प्रश्न पारावर, लग्नाच्या मांडवात, बाजार समितीच्या रांगेत विचारले गेलेले आहेत. ज्याचं उत्तर मोठं आहे ते मोठं दिलंय, ज्याचं दोन ओळींचं आहे ते दोन ओळींत आटोपलंय.

कोरोना जाऊन इतकी वर्षं झाली. आता त्याचा आमच्या पैशापाण्याशी काय संबंध?

तापात बुडालेली रोजी दोन-तीन महिन्यांत भरून निघते. त्या दोन-तीन महिन्यांत घरातून जे विकलं गेलं, ते भरून निघत नाही.

आमच्या शेजारचं उदाहरण सांगतो, नाव सांगत नाही. पाच एकर वावर, कोरडवाहू, कापूस आणि तूर. २०२१ च्या मे महिन्यात बायको दवाखान्यात. चौथ्या दिवशी त्यानं बैलजोडी विकली, ६२ हजाराला. घेणाऱ्याला नड दिसत होती, त्यामुळे घासाघीस झालीच नाही. बायको वाचली, घरी आली. सगळ्यांनी म्हटलं, सुटला बिचारा.

जून लागला. पाऊस पडला, पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरवर झाली. पण कापसात डवरणी असते, म्हणजे बैलांच्या डवऱ्यानं ओळींमधलं तण काढणं, आणि ती चार दिवस उशिरा झाली तरी तण अंगावर येतं. बैल ज्याचे, तो आधी आपलं वावर डवरणार, मग भावाचं, मग याचं. याची पाळी येईस्तोवर गवत गुडघ्याला लागलं. मग बाया लावून निंदण केलं, एकदा नव्हे, दोनदा. खर्च वाढला, उतारा घटला. दुसऱ्या वर्षीही तेच. तिसऱ्या वर्षी त्यानं तीन एकर मक्त्यानं, म्हणजे ठरीव रकमेवर दुसऱ्याला कसायला, दिलं आणि स्वतः ज्याला दिलं त्याच्याच कामावर रोजीनं जाऊ लागला. मी विचारलं तर म्हणाला, "काय करू भाऊ, वावर माह्यंच हाये, पन आता मी त्याच्यात पाहुना हावो."

सात-बाऱ्यावर आजही त्याचंच नाव आहे. सरकारी कागदावर तो पाच एकरांचा कास्तकार आहे. साथीचा लांबचा परिणाम म्हणतात तो हा, आणि तो कोणत्याही तक्त्यात सापडत नाही.

'दीर्घकालीन' म्हणजे नेमकी किती वर्षं?

कशाचं नुकसान झालं त्यावर आहे. कर्ज असेल तर पाच-सात वर्षं. जमीन गेली असेल तर पिढी. आणि नुकसान पोटातल्या बाळाचं असेल तर त्याचं सगळं आयुष्य. डग्लस आल्मंड नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं अमेरिकेतल्या १९६०, १९७० आणि १९८० च्या जनगणनांचे आकडे तपासले. १९१८ च्या साथीच्या वेळी जी मुलं आईच्या पोटात होती, ती त्यांच्या मागे-पुढे जन्मलेल्यांपेक्षा कमी शिकली, कमी कमावू लागली आणि त्यांच्यात अपंगत्वही जास्त आढळलं. साठ वर्षांनंतरही तो फरक मोजता येत होता. आपल्याकडे २०२०-२१ मध्ये ज्या बाया गरोदर होत्या, त्यांची लेकरं आत्ता कुठे शाळेत रुळतायत. त्यांचा हिशेब मांडायला माझ्या हयातीत कुणाला जमणार नाही.

मानमोडीच्या साथीत आपल्या भागात काय झालं होतं?

हा प्रश्न म्हातारी माणसं विचारतात, कारण त्यांनी आपल्या आज्यांकडून ऐकलेलं असतं. माझी आजी म्हणायची, "मान टाकली का मानूस गेला." म्हणून मानमोडी. पुस्तकात ती १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ.

जून १९१८ मध्ये ती मुंबईत दिसली. पहिलं महायुद्ध चालू होतं, जहाजांतून शिपाई येत-जात होते. पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरात दुसरी आली ती मारकी. ती आगगाडीनं देशभर पसरली, आणि वऱ्हाडात आगगाडीला काय तोटा? कापसासाठीच तर रूळ टाकले होते. मूर्तिजापूर-दारव्हा-यवतमाळ ही आमची शकुंतला रेल्वे त्याच्या आधीच धावत होती. ज्या रुळांवरून रुईच्या गाठी मुंबईला गेल्या, त्याच रुळांवरून ताप आला. बाजारपेठेला जे गाव जितकं जवळ, तितकं ते रोगालाही जवळ.

त्यात वर्ष कोणतं? १९१८ ला पावसानं दगा दिला होता. ज्वारी महाग, चारा नाही, आणि नेमकी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे वेचणी, ज्वारीची राखण आणि रब्बीची पेरणी एकदम येते तेव्हा, घरंच्या घरं अंथरुणाला खिळली. देशभरात मेलेल्यांचा अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत दिला जातो. सगळ्यात जास्त मार बसलेल्या प्रांतांत मुंबई इलाखा होता आणि आपला मध्य प्रांत व वऱ्हाड होता. १९११ च्या शिरगणतीत आजच्या भारताच्या हद्दीतली लोकसंख्या २५ कोटी २१ लाख होती. १९२१ ला ती २५ कोटी १३ लाख भरली. विसाव्या शतकात दोन शिरगणतींच्या मध्ये देशाची माणसं घटली, असं एवढं एकदाच झालं.

आणखी एक गोष्ट, जी फारशी बोलली जात नाही. इथे पुरुषांपेक्षा बाया जास्त गेल्या. आजाऱ्याचं उशापायथ्याला करणार त्या, आणि पोटभर न जेवणाऱ्याही त्याच. कापूस वेचायला बाया लागतात, निंदायला बाया लागतात. घरातली बाई गेली की शेतातला अर्धा हंगाम गेला. सरकारी अहवाल माणसं मोजत होता, हे मोजत नव्हता.

माणसं कमी झाली की मजुरी वाढते म्हणतात. मग मजुराचं भलंच होतं की?

हा प्रश्न मला एका कॉलेजच्या पोरानं विचारला, परीक्षेत आला होता म्हणे. उत्तर 'होय' असं लिहून त्यानं मार्क मिळवले असतील. खरं उत्तर जरा वाकडं आहे.

१३४७ ते १३५१ या काळात युरोपात प्लेगनं एक तृतीयांश ते निम्मी माणसं मेली. इंग्लंडात शेतावर राबायला हात उरले नाहीत, मजुरी चढू लागली. जमीनदारांनी काय केलं? १३५१ मध्ये कायदा करून घेतला, की साथीपूर्वीच्या दरापेक्षा जास्त मजुरी द्यायची नाही, मागायचीही नाही. आपल्याकडे ग्रामसभेत सालगड्याचे भाव बांधून घ्यायचा प्रयत्न होतो ना, त्यातलाच प्रकार, फक्त राजाच्या शिक्क्यानिशी. ते फार काळ टिकलं नाही. १३८१ ला मोठा उठाव झाला, तो मोडून काढला, पण मजुरी वाढायची ती वाढलीच. याउलट पूर्व युरोपात पुढच्या शतकांत जमीनदारांनी कुळांना जमिनीला अधिकच जखडून टाकलं. साथ एकच आणि निकाल उलटे. मजुराला एक धनी सोडून दुसऱ्याकडे जाता येत होतं की नाही, यावर सगळं ठरलं.

आता आपल्या मानमोडीकडे या. थिओडोर शुल्ट्झ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं १९६४ मध्ये एक मुद्दा मांडला. त्या काळी बहुतेक पंडित म्हणत की हिंदुस्थानच्या शेतीत माणसं गरजेपेक्षा जास्त आहेत. त्यातली काही काढली तरी उत्पन्न घटणार नाही. शुल्ट्झ म्हणाला, तपासून पाहा. १९१८ च्या साथीत शेतीतली माणसं सुमारे ८ टक्क्यांनी घटली, आणि १९१९-२० चा पेरा १९१६-१७ पेक्षा जवळपास ४ टक्क्यांनी कमी भरला. म्हणजे ती माणसं फालतू नव्हती. पुढे अमर्त्य सेन यांनी या हिशेबावर आक्षेप घेतला आणि दोघांत चांगलीच जुंपली. दोघांनाही नंतर नोबेल मिळालं, शुल्ट्झला १९७९ ला, सेन यांना १९९८ ला.

मला विचाराल तर, गटसचिवाच्या नजरेतून, साथ प्रत्येक घरातून एकेक हात उचलून नेत नाही. एका घरातले चारही जातात आणि त्यांचं वावर पडीक राहतं. शेजारच्या घरातले सहाही राहतात आणि त्यांच्याकडे वावर नसतं. त्या सहा जणांना ते पडीक वावर मिळालं, तर साथीनंतर गाव सावरतं. सावकाराच्या वहीत गेलं, तर सावरत नाही.

कोरोनात मजुरी वाढली का? उलट झालं. पुण्या-मुंबईहून, सुरतहून, नागपूरच्या कारखान्यांतून पोरं गावाला परतली. हात वाढले, काम तेवढंच. पुढे पोरं शहरात परतली, तेव्हा कुठे मजुरी चढली.

कोरोनात तर शेती वाढली असं सरकार म्हणत होतं. मग कास्तकार बुडाला कसा?

सरकार खोटं बोलत नव्हतं. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाची अर्थव्यवस्था जवळपास एक चतुर्थांशानं आक्रसली आणि शेती मात्र तीनेक टक्क्यांनी वाढली. पण ती वाढ पिकाची. कास्तकार जगतो चुकाऱ्यावर, म्हणजे विकलेल्या मालाच्या हातात पडलेल्या पैशावर.

त्या वर्षीचा कापूस आठवा. २५ मार्चपासून टाळेबंदी लागली. खरेदी बंद. हमीभाव लांब धाग्याला क्विंटलमागे ५,५५० रुपये होता, पण खरेदी केंद्रच बंद असेल तर हमी कशाची? नंतर नोंदणी सुरू झाली, नंबर लागायचे, दिवसाला ठरावीक गाड्या. माझ्या घरी बैठकीच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस होता. ज्यांनी कापूस घरात ठेवला नाही त्यांना हे कळणार नाही, पण मार्चनंतर उन्हात तो कापूस खाज सोडतो. नातवंडांच्या अंगावर पुरळ उठलं. आम्ही सगळे ओसरीत झोपायचो आणि खोलीत कापूस झोपायचा. जूनमध्ये, पेरणी तोंडावर आलेली असताना, माझा नंबर लागला. तोवर ज्यांना धीर धरता आला नाही त्यांनी खेडा खरेदीवाल्याला, म्हणजे गावात येऊन माल घेणाऱ्या व्यापाऱ्याला, हजार-दीड हजार रुपये पाडून देऊन टाकला. बियाण्याला पैसा लागतो, तो काही जुलैपर्यंत थांबत नाही.

मग त्याच पावसाळ्यात सोयाबीन अनेक ठिकाणी उगवलंच नाही, दुबार पेरणी. आणि कापसाला भाव कधी आला? २०२२ च्या सुरुवातीला, दहा हजारांच्या वर. तोवर कित्येकांनी वावर मक्त्यानं दिलेलं होतं. भाव आला तो मक्तेदाराच्या घरी.

पूर्वेकडची कथा वेगळी. चंद्रपूर-गडचिरोलीकडचे मजूर दर वर्षी धान निघालं की तेलंगणात मिरची तोडायला जातात. २०२० ला टाळेबंदी लागली तेव्हा ते तिथेच होते. बरेच जण चालत आले. त्या कमाईवर तिकडे खरिपाचं बी-खत आणि लग्नं होतात. आणि कोंबडीची अफवा विसरू नका: कोंबडी खाल्ल्यानं कोरोना होतो अशी हूल उठली आणि शेड टाकलेल्या पोरांनी पिशवीभर कोंबड्या मिळेल त्या भावात देऊन टाकल्या. शेडचं बँकेचं कर्ज मात्र कुणी मिळेल त्या भावात मिटवून घेतलं नाही.

रोजगार हमीनं तारलं की नाही?

तारलं. ही योजना आपल्याच राज्याची. वि. स. पागे यांनी मांडली, १९७२ च्या दुष्काळात राज्यभर गाजली, १९७७ ला तिचा कायदा झाला. २०२०-२१ मध्ये देशभरात, तिच्याच धर्तीवरच्या केंद्राच्या हमीखाली, सुमारे ३८९ कोटी मनुष्यदिवसांचं काम झालं. त्याआधी कधीच एवढं झालं नव्हतं. शहरातून परतलेल्या पोरांनी हातात फावडं धरलं. पदवीधर पोरं शेततळ्याच्या मातीत दिसली, त्यांच्या आयांना ते बघवत नव्हतं.

पण मजुरी उशिरा यायची, आणि आमच्याकडे काम मागितल्याची पावती द्यायला टाळाटाळ व्हायची. पावती नसेल तर बेरोजगार भत्ता मागायचा कशावर? ज्या गावात रोजगार सेवक धड होता तिथे बैल विकले गेले नाहीत, असं मला माझ्या ओळखीच्या पाच-सहा गावांत दिसलं. पाच-सहा गावांवरून सिद्धांत मांडत नाही, दिसलं ते सांगितलं.

गटाचे हप्ते सहा महिने थांबवले होते. तरी माझं कर्ज वाढलं कसं?

हा प्रश्न बायांचा, आणि सगळ्यात जास्त वेळा विचारलेला. म्हणून कागद-पेन्सिल घेऊनच बसू.

मार्च ते ऑगस्ट २०२० हप्ता भरला नाही तरी चालेल, असं रिझर्व्ह बँकेनं सांगितलं. हप्ता थांबला. व्याज थांबलं नव्हतं. समजा तुमच्याकडे ३०,००० रुपये बाकी होते, दर साल शेकडा २४. महिन्याला ६०० रुपये व्याज. सहा महिन्यांचे ३,६००. ते मुद्दलात मिळवून व्याजावर व्याज धरलं तर ३,७८५. पुढे सरकारनं जी सवलत दिली ती फक्त व्याजावरच्या व्याजाची, म्हणजे वरच्या हिशेबात १८५ रुपयांची. आणि पीककर्जाला तीसुद्धा नव्हती.

गावात आवई मात्र उठली होती की कर्ज माफ झालं. सप्टेंबरात वसुलीवाला मोटारसायकल घेऊन दारात आला तेव्हा बाया चकित झाल्या. मग गटाला कर्ज देणाऱ्या एका मायक्रोफायनान्स कंपनीचा हप्ता भरायला दुसऱ्या कंपनीचं कर्ज, दुसऱ्याचा भरायला तिसऱ्याचं. मंगळवारी एक मीटिंग, गुरुवारी दुसरी. आपल्या बचत गटात आपणच एकमेकींना ओळखतो, दोन महिने सांभाळून घेतो. या कंपन्यांच्या गटात एकीचा हप्ता थकला की बाकीच्या नऊ जणींना उठू देत नाहीत. साथीनं रोजी नेली, आणि या पद्धतीनं शेजार नेला. माझ्या मते दुसरं नुकसान मोठं, कारण अडीअडचणीला पहिला हात शेजारणीचाच असतो.

शाळा बंद होत्या त्याचं एवढं काय? मास्तर तर मोबाइलवर शिकवत होते.

कोणाच्या मोबाइलवर? बाप वावरात जाताना फोन घेऊन जायचा.

आपल्याकडे मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. पहिली ते चौथीचे वर्ग ग्रामीण भागात उघडले १ डिसेंबर २०२१ ला. जून २०२० ला ज्या पोराचं नाव पहिलीत घातलं, त्यानं वर्गाची फळी पहिल्यांदा पाहिली ती दुसरीत, तीही अर्धं वर्ष सरल्यावर.

लोकांना वाटतं साथीत पोरांनी शाळा सोडल्या. 'असर' या शिक्षणाच्या पाहणीत, २०२२ च्या ग्रामीण आकड्यांत, पटावरची संख्या उलट वाढलेली दिसली. सहा ते चौदा वयाची ९८ टक्क्यांवर मुलं पटावर होती. शाळा सुटली नव्हती, वाचन सुटलं होतं. देशात तिसरीतल्या ज्या मुलांना दुसरीचं पुस्तक वाचता येतं त्यांचं प्रमाण २०१८ ला २७.३ टक्के होतं, २०२२ ला ते २०.५ वर आलं. २०२४ च्या पाहणीत ते पुन्हा २७ च्या घरात गेलं, ही आनंदाचीच गोष्ट. पण २०२४ ला तिसरीत असलेली पोरं वेगळी. २०२२ ला जी तिसरीत अडखळत होती ती पुढच्या वर्गांत ढकलली गेली, आणि त्यांच्यासाठी कुणी मागे वळलं नाही.

याचा पैशाशी संबंध असा, की खताच्या पोत्यावरचं, औषधाच्या बाटलीवरचं, कर्जाच्या करारावरचं वाचता न येणारा कास्तकार दुकानदार सांगेल ते घेतो. मी एकतीस वर्षं अंगठे घेतले आहेत, मला त्याची किंमत ठाऊक आहे.

मुलगा कोरोनात गेला. जमीन सासऱ्याच्या नावावर. सुनेला काय मिळतं?

हा प्रश्न विचारणारी बाई सहसा एकटी येत नाही, सोबत तिचा भाऊ असतो, आणि तोच बोलतो. बाईलाच उत्तर देतो.

बाई, नवऱ्याच्या नावावर सात-बारा असेल तर तुम्ही, तुमची मुलंमुली आणि तुमची सासू, सगळे सारखे वारस. तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्या, फेरफार होईपर्यंत पाठपुरावा करा. जमीन सासऱ्यानं स्वतः घेतलेली असेल आणि ते हयात असतील, तर आज तुम्हाला त्यात हक्क सांगता येत नाही. वडिलोपार्जित असेल तर नवऱ्याचा हिस्सा मागता येतो. सासरे मृत्युपत्र न करता गेले, तर मेलेल्या मुलाची विधवा म्हणून तुम्ही वारसांत असता, हे लक्षात ठेवा. फेरफारात तुमचं नाव वगळू देऊ नका.

आता पासबुक काढा. २०२० च्या किंवा २०२१ च्या मे-जूनमध्ये ३३० रुपये कापल्याची ओळ आहे का पाहा. ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याची. बँकेत खातं उघडताना कुठल्याशा फॉर्मवर सही घेतली जाते, घरात कुणाला पत्ता नसतो. त्या ओळीची किंमत दोन लाख रुपये. १२ रुपयांची ओळ वेगळी, ती अपघाताची, तिच्यावर कोरोनात काही मिळत नव्हतं. एका घरी मी पासबुक चाळलं तेव्हा माणूस जाऊन सात महिने झाले होते. ओळ होती. बाई ती बघून रडली नाही, हसलीही नाही, म्हणाली, "यायनं मले कधी सांगतलंच नाई."

कोरोनानं मृत्यू झालेल्यांच्या वारसांना ५० हजारांची मदतही होती. आणि ज्या बायांचे नवरे गेले त्यांना योजनांचे कागद करून द्यायला राज्यानं 'मिशन वात्सल्य' सुरू केलं. ज्या तालुक्यात अंगणवाडी सेविकेनं मनावर घेतलं तिथे ते घरापर्यंत पोचलं.

ज्या घरात वारस नोंद वेळेत झाली नाही, तिथे पीककर्ज थांबलं. मेलेल्या माणसाच्या नावावर सोसायटी कर्ज देत नाही. दोन हंगाम सावकारी पैशावर गेले की ते वावर कुणाचं होतं हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

साथीमुळे काही चांगलं झालं का?

झालं, पण बहुतेक शहरात. १८९६ ला मुंबईत प्लेग आला, त्यानंतर १८९८ मध्ये तिथे शहर सुधारणा ट्रस्ट निघाला, रस्ते रुंद झाले. हाफकिननं प्लेगची लस मुंबईतच तयार केली. साथीचा कायदाही १८९७ चाच. २०२० ला आपल्याला घरात बसवलं त्यात त्याही कायद्याचा हात होता.

खेड्यात काय? फोनवरून पैसे पाठवायला लोक शिकले. आणि लग्नं. पन्नास माणसांत लग्न उरकायचं असा नियम होता तेव्हा कितीतरी मुलींच्या बापांचं एकेक एकर वाचलं. कुणी उघड बोललं नाही, पण मनातून खूष होते. नियम उठला आणि पुढच्याच उन्हाळ्यात पुन्हा सहाशे पानं उठायला लागली, वर डीजे.

आमच्या गावावर परिणाम झालाय की नाही, हे ओळखायचं कसं?

तलाठी कार्यालयात २०२० ते २०२३ चे फेरफार वाचा; खरेदीखतं किती, आणि विकणारे कोण. पोळ्याला तोरणाखाली किती जोड्या आल्या ते आठवा, आणि २०१९ ला किती होत्या ते. बाजारच्या दिवशी बायांना विचारा, किती कंपन्यांच्या मीटिंगा आहेत. दोनच्या वर असतील तर समजा.

मग आता बैल परत घ्यावेत का?

शेजाऱ्यानंच विचारलं हे, गेल्या अक्षय्य तृतीयेला. सालं आणि मक्ते त्याच दिवशी ठरतात. ६२ हजाराला विकलेली तशी जोडी आता लाखाच्या खाली मिळत नाही. वर्षभराचा चारा-ढेप वेगळी. उरलेल्या दोन एकरांवर ती जोडी पोसली जाणार नाही. पण मक्त्याचे तीन एकर सोडवून घेतले, आणि बाकीच्या दिवसांत दुसऱ्यांची डवरणी केली, तर जमतं. म्हणजे बैल आणि वावर एकाच वेळी परत आलं पाहिजे. एकटं बैल येऊन उपयोग नाही. मी त्याला तसा हिशेब मांडून दिला, सोसायटीत मध्यम मुदतीच्या कर्जाचा अर्जही भरून दिला. जुनी थकबाकी निघाली, ११ हजार ४००. ती भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. तूर विकली की भरतो म्हणालाय.